अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

पुण्याला निघाले त्या दिवशी अळणावर स्टेशनवर अप्पांनी माझी ट्रंक खांद्यावरून आणली. हमाल करू या म्हटलं तर म्हणाले, "मी काय मेलोय व्हय?" ट्रंक फलाटावर उतरवली, खांद्यावरचं दुमडलेलं पोतं काढून झटकलं आणि तेच खाली अंथरून मला बसायला दिलं. पोत्याला सागाच्या सालीचा वास येत होता. गाडीला अजून वेळ होता. आई पदरानं डोळे टिपत होती, दहा वर्षांचा दत्तू ट्रंकेच्या कुलपाशी खेळत होता, आणि अप्पा माझ्या शेजारी उकिडवे बसून रुळांकडे बघत होते. मी एकोणीस वर्षांची. मास्तरीण होण्याच्या ट्रेनिंगला चालले होते. आमच्या गावातून एवढ्या लांब शिकायला गेलेली पहिली मुलगी मीच.

गाडी आली तेव्हा अप्पांनी ट्रंक आत सरकवली, बाकाखाली नीट बसते की नाही हे हात घालून बघितलं आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "पत्र धाडत जा. तुझं अक्षर तरी बगाय मिळंल." मी मान हलवली, पण वर बघितलं नाही. गाडी सुटली. घर सोडताना रडू येतं, पोटात तुटतं, असं मी पुढे पुष्कळ ठिकाणी वाचलं. स्वतःच्या पोरींना निबंधात लिहायलाही सांगितलं. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं होतं. आता रोज अप्पांच्या समोर जायला नको, एवढंच डोक्यात होतं.

हे मी दत्तूच्या मुलांसाठी लिहिते आहे, आणि आमच्या भागातून पुण्याला, मुंबईला, अमेरिकेला गेलेल्या त्या सगळ्यांसाठी, जे विचारलं की सांगतात, आम्ही शिक्षणासाठी घर सोडलं. मीही साठ वर्षं तेच सांगत आले.

तसं पाहिलं तर आमचं पहिलं स्थलांतर घरात बसल्या बसल्याच झालं होतं. छप्पन साली राज्यांची वाटणी झाली आणि आम्ही मुंबई राज्यात झोपून म्हैसूर राज्यात उठलो. मी तेव्हा नऊ वर्षांची. दत्तू त्याच साली जन्मला, म्हणून आई त्याला लाडानं 'म्हैसूरचा पावणा' म्हणायची. गावात तसं काहीच बदललं नाही. बाजारात कन्नड, घरात मराठी, आणि म्हशीला दोन्ही कळायचं. अप्पा तर कन्नड असं बोलायचे की धारवाडचे लोकसुद्धा त्यांना आपल्यातलेच समजत. फक्त लिहिता-वाचता येत नव्हतं. आमच्याकडे सगळ्यांचं तसंच होतं. तोंडात दोन भाषा आणि हातात एक. जोवर कागद मराठीत होते, तोवर कुणाचं काही अडलं नाही.

अप्पा अळणावरच्या एका लाकडाच्या वखारीत मोजणीदार होते. मराठी सातवी शिकलेले, आणि अक्षर इतकं देखणं की गावातल्या लग्नाच्या याद्या त्यांच्याकडूनच लिहून घेत. वखारीत जंगलातून सागाचे आणि मत्तीचे, म्हणजे ऐनाचे, ओंडके यायचे. अप्पा टेप लावून लांबी घ्यायचे, घेर घ्यायचे आणि ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर गेरूनं आकडा टाकायचे. मग टेबलाशी बसून पास लिहायचे. पास म्हणजे लाकूड वखारीबाहेर न्यायचा परवाना. झाड कोणतं, ओंडके किती, कुठून आले, कुठं चालले. डोक्यावर पांढरी टोपी, कानावर पेन्सिल. वखारीत ओंडके उचलणारी वीसेक माणसं होती, आणि टेबलाशी बसणारा एकच माणूस होता. तो माझा बाप आहे, ह्याचा मला फार ताठा होता.

पुढे पासाचे छापील कागद कन्नडमध्ये येऊ लागले. मालक हुबळीचे, बोलायला गोड माणूस. त्यांनी दोन वर्षं चालवून घेतलं, आणि मग एक दिवस अप्पांना म्हणाले, "बरीलिक्क कलीरि." म्हणजे लिहायला शिका. दिवाळीपर्यंत मुदत दिली. तोवर जमलं तर टेबल तुमचंच, नाहीतर हुबळीहून लिहिणारा माणूस आणावा लागेल. अप्पांनी हे घरी येऊन सांगितलं ते हसत. म्हणाले, "आमची शांता हाय की. ती शिकवंल."

मी तेव्हा धारवाडला आठवीत होते. तिथल्या मळमड्डी भागात माझी आत्या एका निवृत्त मामलेदारांच्या घरी कामाला होती, त्यांच्याच मागच्या खोलीत राहायची, आणि मी तिच्याजवळ. शाळा मराठी, पण कन्नड शिकावंच लागायचं. मला ते पटकन आलं. एका वर्षात मी रस्त्यावरच्या पाट्या, मामलेदारांकडचं वर्तमानपत्र, सगळं वाचायला लागले. शनिवारी शाळा सुटली की दुपारच्या गाडीनं गावी जायचे आणि रविवारी सकाळी अप्पांचा वर्ग घ्यायचे. तेरा वर्षांची पंतोजी आणि चाळीस वर्षांचा विद्यार्थी.

अप्पा पाटी घेऊन बसायचे, आणि पहिल्यांदा काय करायचे, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढायचे. लहानपणी मोडी शिकले होते ना. मोडीत आधी रेघ, मग तिच्याखाली अक्षरं. हाताला तीच सवय. मी सांगायचे, कन्नडला वर रेघ नसते. ते 'व्हय की' म्हणायचे, पुसायचे, आणि बोलता बोलता पुन्हा रेघ ओढून तिला कन्नड अक्षरं टांगायचे. रेघेला लोंबकळणारी ती गोल गोल अक्षरं बघून मला आधी हसू यायचं, मग राग यायचा. आकडेही तसेच. कन्नड सहा काढायला जायचे आणि हातातून मराठी सहा उतरायचा. मी पाटी ओढून घ्यायचे. एकदा तर मी पेन्सिल फेकली. आई चुलीपाशी होती, ती नुसतं बघत राहिली. अप्पांनी पेन्सिल उचलून आणली आणि म्हणाले, "होळ्याग हुणसिहण्ण तोळदंग आत्त नोड." नदीत चिंच धुवायला बसल्यासारखं झालं बघ. धुवून धुवून चिंच वाहून जाते, हातात काही राहत नाही, अशी ती कन्नडमधली म्हण. दोन्ही भाषांतल्या असल्या म्हणी त्यांच्या जिभेवर असायच्या. स्वतःवर बोलायला त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

आणि त्यांना येत नव्हतं असं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. पाच महिन्यांत ते आकडे लिहायला लागले होते. स्वतःचं नाव, गावाचं नाव, झाडांची नावं लिहायला लागले होते. वखारीत जेवणाच्या सुट्टीत ओंडक्यांच्या तोंडांवर गेरूनं अक्षरं गिरवायचे, मी स्वतः जाऊन बघितली होती. वर रेघ होती, पण खालची अक्षरं बरोबर होती. त्या रेघेनं पास काही अडला नसता. मालकांनी हसून चालवून घेतलं असतं. दिवाळीला अजून दीड-दोन महिने होते, आणि माझी खात्री आहे की अप्पांनी ते गाठलं असतं.

भाद्रपदात शाळेत मराठीच्या बाईंनी दहा वाक्प्रचार दिले. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. त्यांतला चौथा, पालथ्या घड्यावर पाणी. अर्थ सोपा. केलेला उपदेश, घेतलेले श्रम वाया जाणे. वाक्यात उपयोग म्हणून सगळ्या मुली एकच वाक्य लिहायच्या. एक आळशी गोपाळ असायचा, त्याला कितीही समजावलं तरी ते पालथ्या घड्यावर पाणीच ठरायचं. मला काहीतरी वेगळं लिहायचं होतं. मी लिहिलं, "माझ्या वडिलांना कन्नड अक्षरे शिकवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

मी हे का लिहिलं, ह्याचं उत्तर मला माहीत आहे, आणि ते बरं नाही. वर्गातल्या मुली प्राध्यापकांच्या, वकिलांच्या, निवृत्त अधिकाऱ्यांच्या. मी खेड्यातली, कामवालीची भाची. माझं बोलणं त्यांना गावंढळ वाटायचं. मी 'मी आलो', 'मी जातो' म्हणायचे, आमच्याकडे मुली तसंच बोलतात, आणि त्या माझी नक्कल करायच्या. मला एकदा तरी त्यांना माझ्याबरोबर हसताना बघायचं होतं. घरात हसण्यासारखी माझ्याकडे एकच गोष्ट होती. अप्पांची पाटी.

बाईंनी वह्या तपासून आणल्या आणि माझं वाक्य वर्गात मोठ्यानं वाचलं. अशी वाक्यं लिहावीत, म्हणाल्या, स्वतःच्या अनुभवातली. वर्ग हसला. मला उभं करून विचारलं, खरंच का गं, आणि मी रेघेचा सगळा किस्सा हात हलवून, अप्पांचा आवाज काढून सांगितला. मुलींच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसवलं. मधल्या सुट्टीत दोघीतिघींनी मला त्यांच्या डब्यातलं दिलं. वहीत वाक्यासमोर लाल शाईत बरोबरची खूण होती आणि खाली लिहिलं होतं, उत्तम. आत्याच्या खोलीत जाऊन मी ते पान चार वेळा उघडून बघितलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं उत्तम ते.

अप्पांचा एक नेम होता. शनिवारी मी घरी आले की हातपाय धुवून, टोपी काढून ते कट्ट्यावर बसायचे आणि माझ्या वह्या मागायचे. गणित कळायचं नाही, इंग्रजी तर नाहीच, पण लाल शाई कळायची. प्रत्येक खुणेवर बोट ठेवून पुढे जायचे. मराठीची वही मात्र अथपासून इतिपर्यंत वाचायचे. म्हणून मी ती वही दोन आठवडे आत्याकडेच ठेवली. तिसऱ्या शनिवारी गडबडीत ती बाकीच्या वह्यांबरोबर पिशवीत आली. मी विहिरीवर गेले होते. परत आले तर अप्पा कट्ट्यावर, मांडीवर ती वही, त्या पानावर उघडी.

मी घागर घेऊन तिथंच थांबले. त्यांनी वर बघितलं. म्हणाले, "बाईंनी उत्तम दिलंय." मी घागर खाली ठेवली. त्यांनी आणखी एकदा पान बघितलं, वही मिटली, वरची धूळ हातानं पुसली आणि मला दिली. "अक्षर चांगलं झालंय," म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि दुःख असलं तरी मला ऐकू आलं नाही. त्या रात्री जेवताना ते नेहमीसारखेच दत्तूला भरवत होते.

दुसऱ्या दिवशी रविवारी पाटी आली नाही. मी जरा वाट बघितली आणि विचारलं. अप्पा म्हणाले, "साकु. आता पुरे. तू तुझा अभ्यास बग." मला काय वाटलं असेल? मला बरं वाटलं. रविवारची सकाळ मोकळी झाली. मी मैत्रिणीकडे चिंचा खायला गेले.

दिवाळी झाली आणि हुबळीहून एक तरुण माणूस आला, बुशशर्ट घातलेला, कन्नड भराभर लिहिणारा. तो टेबलाशी बसला. मालकांनी अप्पांना काढलं नाही, वखारीतच ठेवून घेतलं. अप्पांनी टोपी खुंटीला लावली, खांद्यावर दुमडलेलं पोतं टाकलं आणि ओंडके उचलणाऱ्यांत जाऊन उभे राहिले. वखार रुळांना लागून होती. सोमवारी सकाळी धारवाडला जाताना गाडीतून मला ती माणसं दिसायची, ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार, खांदा लावून. त्यांत अप्पा कोणते, हे मला लगेच ओळखू यायचं, कारण मोजणीदारानं आयुष्यभर जड काही उचललेलं नसतं, ते चालण्यातच दिसायचं. गाडीत शाळेतली एखादी मुलगी बरोबर असली की मी पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसायचे. हे लिहितानाही हात अडतो. पण केलं आहे, तर लिहिलं पाहिजे.

मी स्वतःला समजावलं की अप्पांना वाईट वाटलं असणार, पण ते विसरतील. मुलीनं चेष्टा केली, बाप रुसला, एवढंच. दोन-अडीच वर्षांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत आई आणि मी शेवया वळत बसलो होतो. अप्पा खांदा शेकत आत पडले होते. आई सहज बोलून गेली, "त्येंनी आपणहून सोडलं बग ते शिकायचं. मी म्हटलं, अवो, येतंय की तुमाला. तर म्हणले, न्हाई, शांताच्या बाईंनी वहीत बरोबर म्हणून खूण केलीया. शिकल्याली माणसं उगंच खूण करत न्हाईत."

माझ्या हातातली शेवई तुटली. अप्पा रुसले नव्हते. त्यांनी ते खरं मानलं होतं. मी लिहिलं होतं, ते पोरीचं लिहिणं म्हणून त्यांनी सोडून दिलं असतं. पण त्याच्यावर धारवाडच्या बाईंची लाल खूण होती. अप्पांच्या लेखी शाळेतली लाल शाई म्हणजे निकाल. बाईंनी वाक्य तपासलं होतं, वाक्प्रचार नीट वापरला की नाही एवढंच बघितलं होतं. अप्पांना वाटलं, त्यांनाच तपासलं आहे, आणि ते शिकण्याजोगे नाहीत हे बाईंनी बरोबर ठरवलं आहे. ज्या माणसानं आयुष्यात शाळेचा एकही शब्द खाली पडू दिला नाही, त्याच्याकडूनच अशी चूक व्हायची.

आतल्या खोलीत जायला मला पाच पावलं होती. जाऊन सांगायचं होतं एवढंच, की अप्पा, ती खूण वाक्याला आहे, तुम्हाला नाही, आणि वाक्यसुद्धा खोटं आहे, मी ते मुलींना हसवायला लिहिलं. अजून वेळ गेली नव्हती. मालक चांगले होते, त्या बुशशर्टवाल्याचंही तिथं फारसं मन रमत नव्हतं. पण ते सांगायचं म्हणजे आधी हे कबूल करायचं की वर्ग तुमच्यावर हसला, आणि हसवणारी मी होते, तुमचा आवाज काढून. मी शेवया वळत राहिले. त्या उन्हाळ्यात सांगितलं नाही, पुढच्या तीन वर्षांत नाही, आणि मग ती ट्रंक, तो फलाट, ते पोतं.

पुण्यात मी मराठीची शिक्षिका झाले. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत घाईत 'मी येतो' म्हणाले आणि सगळे हसले. एका बाईंनी मला प्रेमानं 'आमच्या कानडी बाई' असं नाव पाडलं, ते निवृत्त होईपर्यंत चिकटलं. मी मूळचं बोलणं फणसाच्या सालीसारखं काढून टाकलं आणि पुण्याचं मराठी अंगाला लावून घेतलं. लग्न झालं, ब्लॉक घेतला, गॅस आला, स्कूटर आली, मुलगी सॉफ्टवेअर शिकून टेक्सासला गेली. मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना तिचा नवरा, तो अमराठी, कधी अडखळत मराठी शब्द उच्चारतो आणि ती हसते. मी तिला दर वेळी रागावते. तिला वाटतं, आईचं वय झालं.

दरवर्षी आठवीला वाक्प्रचार यायचे. पालथ्या घड्यावर पाणी आला की मी फळ्यावर गोपाळचं जुनंच वाक्य लिहायचे आणि पुढे जायचे. वर्गात माझा एक नियम होता. घरच्या माणसावर वाक्य लिहायचं नाही. मुली विचारायच्या, का हो बाई? मी म्हणायचे, कारण मी सांगते म्हणून. पण फळ्याकडे तोंड करून उभी असताना दर वेळी एक विचार यायचा, की ह्या म्हणीत सगळा दोष घड्याच्या माथी मारलेला आहे. पाणी ओतणाऱ्याला कुणी विचारत नाही, की बाई, तुझ्या हातानं घडा सुलटा करून घ्यायला काय झालं होतं? रोज वह्या तपासताना मी बरोबरची खूण फार जपून करायचे, एवढं मात्र खरं. कोणती खूण कुणाच्या घरी कशी वाचली जाईल, हे कोण सांगणार.

अप्पांची पत्रं यायची. तेच सुंदर अक्षर, फक्त ओंडके उचलून उचलून पुढे पुढे ते कापायला लागलं. वखारीचं कधी काही लिहीत नसत. म्हैस व्याली, दत्तू पास झाला, तुझ्या पत्रातलं अक्षर बघून आनंद झाला. मी सुट्टीत जायचे तेव्हा त्यांच्या खांद्याला तेल लावून द्यायचे. त्या खांद्यावर बोराएवढी गाठ आली होती. तेल चोळताना पाठ माझ्याकडे असायची, तोंड दिसायचं नाही, आणि सांगायला ह्याहून सोपी वेळ नव्हती. तरी मी म्हशीविषयी बोलायचे. मी पुण्याला येऊन सतरा वर्षं झाली होती तेव्हा तार आली. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

दत्तू पाचवीपासून कन्नड शाळेत शिकला, हुबळीत नोकरीला लागला आणि तिथंच नवनगरला त्यानं घर बांधलं. त्याची सून कन्नड घरातली, नातवंडं घरात कन्नड बोलतात आणि मला 'अज्जी' म्हणतात. गावचं घर कधीच विकलं. वखारीच्या जागी आता दुसरंच काहीतरी आहे, मी बघायला गेले नाही. वर्षातून एकदा मी दत्तूकडे जाऊन राहते. ह्या वेळी गेले तेव्हा आम्ही दोघं व्हरांड्यात चहा घेत बसलो होतो, तो सत्तरीला आलेला, मी अठ्ठ्याहत्तरची. कुठून धीर आला माहीत नाही, पण मी त्याला सगळं सांगितलं. पाटी, रेघ, वर्ग, लाल खूण, आणि शेवटी ते वाक्य.

दत्तू ऐकत होता. वाक्य ऐकल्यावर त्यानं कप खाली ठेवला. "अक्का, हे तर मला पाठ हाय," म्हणाला. आणि त्यानं ते म्हणून दाखवलं, माझ्या वडिलांना कन्नड अक्षरे शिकवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. एकही शब्द इकडचा तिकडे नाही.

तो चौथीत असताना त्याला शाळेत वाक्प्रचार दिले होते. अप्पांनी वखारीतून आल्यावर त्याला कट्ट्यावर जवळ बसवलं आणि हे वाक्य त्याच्याकडून घोकून घेतलं. म्हणाले, "अक्काला ह्यावर उत्तम मिळालंय. तूबी हेच लिव, मार्क कुठं जात न्हाईत." दत्तूनं तसंच लिहिलं आणि त्यालाही बरोबरची खूण मिळाली. अप्पांनी ती खूण बोट ठेवून बघितली आणि त्याला गूळ-खोबरं दिलं.

"मला वाटायचं, तूबी पुस्तकातलंच वाक्य लिवलं असशील," दत्तू म्हणाला. "वडील म्हणजे आपले अप्पा, हे मला कुठं ठावं होतं."

 मग जे बासष्ट वर्षांपूर्वी पाच पावलं चालून जाऊन सांगायचं होतं, ते मी त्या व्हरांड्यात दत्तूला सांगायला लागले. म्हटलं, दत्तू, ती खूण वाक्याला होती रे. अप्पांना नव्हती. अप्पांना लिहिता येत होतं, मी बघितलं होतं, ओंडक्यांवर बरोबर अक्षरं होती. मी हे दोनदा-तीनदा सांगितलं असेन. दत्तूनं माझा हात धरला आणि हळूच म्हणाला, "आता हे मला सांगून काय उपयोग, अक्का?"

लोक विचारतात, तुम्ही मूळच्या कुठल्या, तुमचं घर कुठं. पूर्वी मी गावाचं नाव सांगायचे, मग पुण्याचा पत्ता सांगायला लागले. आता विचारलं तर म्हणेन, जिथं माझ्या त्या वाक्यावर कुणी रागावलं नाही, ते माझं घर. अप्पा रागावले असते, तर मला निदान माफी तरी मागता आली असती.